अर्जानंतरचा दूरध्वनी

नोकरीचा अर्ज पाठवून दिल्यापासून त्याचा निकाल हाती येईपर्यंतच्या काळात अर्जदाराने नेमके काय करावे, हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवीत नाही. अर्ज कसा लिहावा हे शाळेत निबंधाच्या जोडीने शिकवले जाते. मुलाखतीला जाताना पोशाख कसा असावा, बोलावे कसे, याचे तर पैसे घेऊन वर्ग चालतात. परंतु या दोहोंच्या मधला जो दीर्घ, निःशब्द आणि मनाला कुरतडणारा अवधी, तो ज्याने त्याने आपापल्या स्वभावानुसार कंठावा, असाच जणू रिवाज पडून गेला आहे. कोणी निमूटपणे वाट पाहतो, कोणी नवस बोलतो, कोणी मावशीच्या दिरांच्या ओळखीतला एखादा साहेब धुंडाळू लागतो. आणि ज्या साध्या उपायाने आपला कागद निदान कोठवर पोचला एवढे तरी समजले असते, तो उपाय, म्हणजे संबंधित कार्यालयाला दूरध्वनी करून सभ्यपणे विचारणे, करायला मात्र भले भले कचरतात.

बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, लातूर अशा गावांहून नोकरीच्या शोधात बंगळुरास येणाऱ्या मराठी तरुणांत हा संकोच विशेषच आढळतो. परक्या शहरात, परक्या भाषेत, अनोळखी अधिकाऱ्याला आपण होऊन फोन करणे म्हणजे काहीतरी आगाऊपणा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. वास्तविक या गोष्टीची भीती वाटायला बंगळूर हे अगदीच विजोड स्थळ आहे. कारण स्वतंत्र भारताने दूरध्वनीची यंत्रे बनवण्यासाठी जो सरकारी कारखाना 1948 मध्ये काढला, तो ‘इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज’ याच शहरात, कृष्णराजपुरम्‌जवळ उभा राहिला, आणि त्याच्या भोवती वसलेल्या वसाहतीला नावही दूरवाणीनगर असेच मिळाले. सरकारी कचेरीतल्या मेजांवर कित्येक वर्षे दिमाखाने बसून असलेली ती काळी, जड, चकतीवर क्रमांक फिरवण्याची यंत्रे मोठ्या संख्येने येथूनच देशभर गेली.

अर्थात यंत्र मेजावर असणे आणि ते अर्जदाराच्या हाताला लागणे यांत फार मोठे अंतर होते. थेट क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय देशात प्रथम झाली ती 1960 साली, तीही कानपूर आणि लखनौ या दोन शहरांपुरती; बाकीच्यांना ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌ तास तिष्ठत बसावे लागे. 1981 साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि दोन वर्षांनी बंगळुरास बिऱ्हाड हलवलेल्या इन्फोसिस कंपनीला आरंभीच्या दिवसांत टेलिफोनची एक जोडणी मिळवायला वर्षभर थांबावे लागले, हे तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या नारायण मूर्ती यांनी वेळोवेळी सांगितलेले आहे. जेथे मालकाच्याच कचेरीत टेलिफोन नाही, तेथे उमेदवाराने तो करायचा कोठे? त्यामुळे त्या काळचा पाठपुरावा सगळा टपालखात्याच्या भरवशावर चाले. अर्ज रजिस्टर्ड टपालाने पाठवायचा आणि पोचपावतीचे गुलाबी कार्ड परत येण्याची वाट पाहायची. त्याहून तातडी असली तर तारेने विचारणा करायची. ती तारही 2013 च्या जुलैत कायमची बंद झाली.

परंतु साधने तुटपुंजी होती म्हणून पाठपुरावा करणारी माणसे नव्हती असे मात्र नाही. बंगळूरच्या ज्या संस्थेला रिक्षावाले आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणून ओळखतात, त्या 1909 साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्याच आवारात अशी दोन प्रकरणे घडली आहेत, की त्यांच्यावरून या विषयाचा सगळा गाभा उलगडून दाखवता येतो.

त्यांतले पहिले कमला भागवत यांचे. लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीने मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी 1933 मध्ये सर्वोच्च गुण मिळवून संपादन केली आणि पुढील संशोधनासाठी बंगळूरच्या या संस्थेकडे अर्ज पाठवला. हा अर्ज नोकरीचा नसून प्रवेशाचा होता, हे खरे. परंतु ज्या परिस्थितीत अर्जदार सापडतो ती दोन्हीकडे सारखीच. त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही याच संस्थेत शिकलेले, म्हणजे घराणे संस्थेला अपरिचित नव्हते. गुणवत्तेविषयी शंका घ्यायला तर जागाच नव्हती. तरीही संस्थेचे संचालक, तीनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळवलेले चंद्रशेखर वेंकट रामन, यांनी अर्ज नाकारला, आणि कारण एकच, की अर्जदार स्त्री आहे.

येथे बहुतेक घरांत प्रकरण संपले असते. मोठ्या माणसाने ‘नाही’ म्हटले की त्याला फिरून विचारायचे नसते, ही आपली शिकवण. वडीलधाऱ्यांनी रदबदली करून पाहिली, तिचाही उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाईंनी स्वतः बंगळूर गाठले, संचालकांपुढे उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारले. आणि प्रवेश मिळाल्याखेरीज हलायचे नाही असा, त्या काळाला साजेसा, सत्याग्रही पवित्रा घेतला. रामन यांना अखेर वाकावे लागले, परंतु तेही अटी घालून: पहिले वर्ष उमेदवारीचे, त्यात त्यांना नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतदेखील काम करावे लागेल, आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट आज वाचताना संताप येतो. त्या वेळी कमलाबाईंनाही आला असणारच. त्यांनी ती पत्करली, श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले, वर्ष संपताच स्वतःला सिद्ध केले, आणि रामन यांनी त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांचे विवाहानंतरचे कमला सोहोनी हे नाव आज सर्वपरिचित आहे.

दुसरे प्रकरण 1974 चे. याच संस्थेत संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी सूचनाफलकावर पुण्याच्या टेल्को कंपनीची एक जाहिरात पाहिली. तरुण, हुशार अभियंते हवेत असा मजकूर होता आणि तळाशी, स्त्रियांनी अर्ज करू नये, अशी ओळ होती. येथे अर्जाला वावच ठेवलेला नव्हता, मग पाठपुरावा तो कशाचा? त्यांनी सरळ जे. आर. डी. टाटा यांच्या नावे एक पोस्टकार्ड लिहिले आणि टाटांसारख्या घराण्याच्या कंपनीने असा भेद करावा याबद्दलचे आश्चर्य त्यात नोंदवले. गंमत अशी, की टेल्कोचे अध्यक्ष त्या वेळी सुमंत मुळगावकर होते, टाटा नव्हेत; हे त्या विद्यार्थिनीला ठाऊकच नव्हते. पत्ता थोडा चुकला, परंतु पत्र नेमके जेथे जायला हवे तेथे गेले. दहा दिवसांच्या आत तार आली: पुण्याला मुलाखतीस यावे, खर्च कंपनीचा. त्या गेल्या, निवडल्या गेल्या आणि टेल्कोच्या कारखान्यात काम करणाऱ्या पहिल्या महिला अभियंता ठरल्या.

या दोन्ही कथा आता इतक्या वेळा सांगितल्या गेल्या आहेत, की त्यांचे रूपांतर धैर्याच्या बोधकथांत होऊन बसले आहे, आणि त्यातली व्यवहाराची बाजू झाकली गेली आहे. नीट पाहिले तर असे दिसेल, की दोघींनीही कृपेची याचना केलेली नाही. कमलाबाईंनी कारण विचारले. सुधाताईंनी नियमावर बोट ठेवले. आणि दोघींनीही आपला प्रश्न अशा माणसापुढे नेला, ज्याच्या हाती निर्णय फिरवण्याचा अधिकार होता. वडिलांची आणि चुलत्यांची ओळख जेथे कामास आली नाही, तेथे स्वतः अर्जदाराचा सरळ प्रश्न कामास आला, ही गोष्ट वशिल्यावर दृढ श्रद्धा असलेल्या आपल्या समाजाने जरा थांबून वाचण्यासारखी आहे. पाठपुरावा आणि वशिला यांत लोक गल्लत करतात, आणि ती गल्लत अंगलटही येते. माझ्या अर्जाचे काय झाले, असे विचारणे हा पाठपुरावा. माझ्या अर्जाचे एवढे बघा, असे सांगणे वा सांगवणे हा वशिला. पहिल्यात उत्तर मागितले जाते, दुसऱ्यात मेहेरबानी.

सरकारी जाहिरातींनी हा भेद आपल्या रुक्ष भाषेत फार पूर्वीच करून ठेवलेला आहे. बंगळुरात अशा नोकऱ्यांना तोटा नाही: वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये ज्या विमान कारखान्याचा पाया घातला ते आजचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स, 1954 पासूनचे भारत इलेक्ट्रॉनिक्स, शिवाय इस्रोची केंद्रे आणि इतर अनेक संस्था. यांच्या जाहिरातींच्या शेवटी, कोणत्याही मार्गाने शिफारस आणल्यास उमेदवारी रद्द होईल, अशा अर्थाचे कलम असते. आणि पुष्कळदा, निवडीची प्रक्रिया चालू असताना मध्येच केलेल्या चौकशीची दखल घेतली जाणार नाही, असेही एक कलम असते. ही कलमे शोभेची नसतात. अशा ठिकाणी ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचा अर्ज बाद करून घेण्याचा संभव ओढवून घेणे होय. तेथे संकेतस्थळावर आपला अर्जक्रमांक टाकून स्थिती पाहावी, तांत्रिक अडचण असेल तरच मदतकक्षाला विचारावे, आणि निकाल लागून गेल्यावरही काही संदिग्ध राहिले तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घ्यावा. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी 10 रुपये शुल्क भरून केलेल्या या अर्जाला सामान्यतः 30 दिवसांत उत्तर द्यावेच लागते. जी माहिती उघड करणे कायद्याने आवश्यक नाही ती मिळणार नाही. पण निवडीचे निकष काय होते, आपली स्वतःची नोंद काय आहे, असे प्रश्न विचारायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

खासगी कंपन्यांची तऱ्हा निराळी, आणि बंगळुरात बहुतेकांना पडणारी चिंता याच दालनातली. येथे आधी अर्जाचा प्रवास समजून घ्यायला हवा, कारण तो न समजल्यामुळेच निम्मे फोन भलतीकडे जातात. कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरला, की काही क्षणांत आभाराचा एक ईमेल येतो. तो यंत्राने पाठवलेला असतो. आपला अर्ज कोणी वाचला, असा त्याचा अर्थ नव्हे. अर्ज एका संगणकीय दफ्तरात जमा होतो, त्याला जागेचा क्रमांक जोडलेला असतो, आणि त्या दफ्तरातून जाहिरातीतल्या अटींशी जुळणारे अर्ज वर काढणारा एक रिक्रूटर असतो. हा रिक्रूटर पुष्कळदा त्या कंपनीचा नोकर नसतोच. एखाद्या कन्सल्टन्सीचा, कराराने नेमलेला, एकाच वेळी कित्येक जागांचा भार वाहणारा तरुण किंवा तरुणी असते. तो निवडक अर्ज ज्या विभागात जागा रिकामी आहे तेथील व्यवस्थापकाकडे पाठवतो. व्यवस्थापकाला सवड होईल तेव्हा तो ते पाहतो, त्यांतले काही मुलाखतीसाठी मुक्रर करतो, मग फेऱ्या, मग पगाराची बोलणी, मग पूर्वीच्या नोकरीची पडताळणी. यात कोणत्याही टप्प्यावर वरून हुकूम येऊ शकतो, की यंदा नवी भरती थांबवा. आणि मग जाहिरात पोर्टलवर तशीच लोंबकळत राहते, अर्जदार आशेवर राहतो, आणि ज्याला हे ठाऊक आहे तो रिक्रूटर दुसऱ्या जागांच्या मागे लागलेला असतो.

आता एवढे लक्षात घेतले म्हणजे कंपनीच्या मुख्य क्रमांकावर फोन करून स्वागतिकेला आपला अर्ज कोठे आहे असे विचारणे किती व्यर्थ आहे, हे सांगायला नको. तिच्यापाशी उत्तर नसते; ती आपल्याला पुन्हा पोर्टलच दाखवणार. विचारायचे ते रिक्रूटरला, आणि त्याने आपला क्रमांक किंवा ईमेल आपण होऊन दिला असेल तेव्हा. तो मिळालेला नसेल तर लिंक्डइनवर त्या कंपनीच्या भरती विभागातील व्यक्तीला दोन ओळींचा निरोप धाडावा, किंवा कंपनीत काम करणाऱ्या परिचिताकडून रेफरल मागावे. हे रेफरल म्हणजे वशिलाच की, असे कोणी म्हणेल. मला ते पूर्णतः मान्य नाही. कंपन्या स्वतःच ही पद्धत उघडपणे चालवतात, नेमणूक झाल्यास शिफारस करणाऱ्याला बक्षीसही देतात, आणि त्याने अर्ज वाचला जाण्याची शक्यता वाढते एवढेच. मुलाखत कोणाला चुकत नाही. मात्र ज्याच्या ओळखीचे कोणी या शहरात नाही, त्याच्यावर या पद्धतीने नकळत अन्याय होतो, हेही तितकेच खरे. आडगावचा मुलगा आणि कोरमंगलचा मुलगा यांच्यात गुणांपेक्षा हाच फरक अधिक असतो.

पीण्या औद्योगिक वसाहतीतील छोटे कारखाने, शहरातील शाळा, रुग्णालये, दुकाने यांचे जग याहून पुष्कळ सोपे आहे. तेथे दारावर कन्नडमध्ये ‘बेकागिद्दारे’, म्हणजे माणसे हवी आहेत, असा फलक आणि त्याखाली मालकाचा किंवा व्यवस्थापकाचा मोबाइल क्रमांक लिहिलेला असतो. तो फोनसाठीच लिहिलेला असतो, म्हणून तो करावा. किंबहुना फोन न करणाऱ्याला गरज नाही, असाच तेथे अर्थ घेतला जातो.

फोन केव्हा करावा? अर्जाची अंतिम तारीख उलटून आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत. मुलाखत झाली असेल आणि अमुक दिवशी कळवू असे सांगितले गेले असेल, तर तो दिवस आणि त्यावर दोन कामाचे दिवस सोडून. सोमवारची सकाळ आणि शुक्रवारची संध्याकाळ टाळावी, हे सांगायला शहाणा लागत नाही. परंतु बंगळूरची म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, की येथील पुष्कळशा कचेऱ्यांचे गिऱ्हाईक सातासमुद्रापार असते, आणि त्यांच्या बैठका त्या देशांची घड्याळे पाहून संध्याकाळी भरतात. अकरा ते साडेबारा किंवा तीन ते पाच ही वेळ त्यातल्या त्यात मोकळी. अनोळखी क्रमांक अलीकडे कोणी उचलत नाही. म्हणून आधी नाव, पद आणि जागेचा क्रमांक लिहून, बोलायला कोणती वेळ सोयीची, असा छोटा संदेश पाठवला तर फोन उचलला जाण्याची आशा वाढते.

आणि बोलावे काय? आपले नाव, कोणत्या पदासाठी, कोणत्या तारखेला अर्ज केला, जागेचा क्रमांक, आणि मग एकच प्रश्न: निवड कोणत्या टप्प्यावर आहे आणि साधारण कधीपर्यंत कळू शकेल? एवढे एका मिनिटात होते. मला नोकरीची किती गरज आहे, घरची परिस्थिती कशी आहे, गेल्या सहा महिन्यांत किती ठिकाणी नकार आला, हे ऐकणाऱ्याला सांगून उपयोग नसतो; त्याच्या मनात कळवळा उत्पन्न झाला तरी अधिकार उत्पन्न होत नाही. उलट बाजूने, दुसऱ्या कंपनीने आपल्याला बोलावले असेल तर ते जरूर सांगावे, कारण ही माहिती त्याच्या कामाची आहे आणि तिच्यामुळे रेंगाळलेला कागद हलतो. संभाषण बहुधा इंग्रजीत होईल. परंतु पलीकडचा माणूस कानडी असेल तर आरंभी ‘स्वल्प माताडबहुदा’, म्हणजे थोडे बोलू का, एवढे मोडकेतोडके विचारले तरी त्याच्या स्वरात जो फरक पडतो, तो ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगायला नको. फोननंतर, बोलल्याबद्दल आभार मानणारी आणि ठरलेले नमूद करणारी दोन ओळींची मेल धाडावी. स्मरण माणसाचे असते, नोंद दफ्तराची. दुसऱ्यांदा विचारायचे ते आठवड्याने. त्यानंतरही मौनच असेल तर ते मौन म्हणजेच उत्तर समजावे आणि पुढचा अर्ज लिहायला घ्यावा. उमेदवाराला नकार कळवण्याचे साधे सौजन्यही अनेक कंपन्या पाळत नाहीत, ही त्यांची असभ्यता आहे, उमेदवाराचा दोष नव्हे.

एका फोनाविषयी मात्र सावध राहायला हवे, आणि तो आपण केलेला नसतो, आपल्याला आलेला असतो. आपला अर्ज मंजूर झाला आहे, फक्त नोंदणीचे, प्रशिक्षणाचे किंवा लॅपटॉपच्या अनामतीचे एवढे पैसे आजच भरा, असे सांगणारा आवाज कितीही आदबशीर असला, ईमेलवर कितीही प्रतिष्ठित कंपनीचे बोधचिन्ह असले, तरी तो भामट्याचा असतो. नोकरी देण्यासाठी पैसे मागतो तो मालक नव्हे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवावी; पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते, नंतर ती झपाट्याने मावळते.

खऱ्या नेमणुकीनंतर या शहरात जो प्रकार घडतो, तो मात्र पाहण्यासारखा असतो. माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत जुनी नोकरी सोडताना दोन-तीन महिन्यांचा नोटीस पीरियड भरावा लागणे सर्रास आहे, आणि त्या काळात हातात एक ऑफर लेटर असलेला उमेदवार ते दाखवून दुसऱ्या कंपनीकडून अधिक पगाराचे मिळवतो, कधी तेही दाखवून तिसरे. त्यामुळे ज्या रिक्रूटरने अर्जाच्या वेळी तीन आठवडे उत्तर दिले नव्हते, तोच आता दर सोमवारी न चुकता फोन करतो: राजीनामा मंजूर झाला का, शेवटची तारीख कोणती, आमच्याकडे रुजू व्हायचे नक्की ना? आणि पुष्कळदा पलीकडे घंटी वाजत राहते, उमेदवार फोन उचलत नाही.